बिल्डअप टेस्टचा प्लॉट कसा वाचायचा, आणि रेघ कुठे मारायची नाही

मागे एका ज्युनियरने मला एका तेलविहिरीच्या टेस्टचा हॉर्नर प्लॉट (विहीर बंद केल्यावर चढणाऱ्या प्रेशरचा लॉग पेपरवरचा आलेख) पाठवला, सोबत एवढंच लिहिलेलं, "सर, खडक टाइट आहे, सहा मिलीडार्सी, स्किन निगेटिव्ह, फ्रॅक करावं लागेल." मिलीडार्सी म्हणजे खडकातून तेल किती सहज वाहतं त्याचं, म्हणजे पर्मिएबिलिटीचं माप, स्किन म्हणजे विहिरीच्या तोंडाशी असलेला जादा अडथळा, तो निगेटिव्ह म्हणजे अडथळा नाहीच, आणि फ्रॅक म्हणजे दाबाने खडकाला भेगा पाडणं. प्लॉट बघायला देखणा होता, रेघ पट्टीने मारलेली, पॉइंट रेघेवर चपखल बसलेले, फक्त रेघ चुकीच्या तुकड्यावर होती. तीच रेघ पुढे सरकवून बरोबर तुकड्यावर मारली तर खडक पंचवीस मिलीडार्सीचा निघाला आणि स्किन जवळपास सात, म्हणजे खडक व्यवस्थित आहे, विहिरीचं तोंड तेवढं चोंदलंय, फ्रॅकचा खर्च करायचं काही कारण नाही, ॲसिड मारून बघा. डेटा तोच, आणि निदान बरोब्बर उलटं. त्याला फोनवर समजावताना तासभर गेला म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, त्याच विहिरीवरून. आकडे मी बदलून हिशोबाला सोयीचे केलेत, बाकी गोष्ट तीच.

टेस्टमधे करतात काय ते आधी थोडक्यात. विहीर काही काळ ठरावीक रेटने चालवायची, मग बंद करायची आणि खाली परफोरेशनजवळ (तेल आत यावं म्हणून विहिरीच्या पोलादी नळाला पाडलेल्या भोकांजवळ) सोडलेल्या गेजने प्रेशर कसं चढतं ते नोंदवत राहायचं. चालू असतानाच्या उतरत्या प्रेशरला ड्रॉडाऊन म्हणतात, बंद केल्यावरच्या चढत्या प्रेशरला बिल्डअप. दोन्हीत माहिती तीच असते, पण सगळे बिल्डअपवर विसंबतात कारण चालू विहिरीचा रेट कधीच स्थिर राहत नाही, कोणी चोक (रेट आवळणारा व्हॉल्व्ह) हलवतो, सेपरेटर (तेल, गॅस, पाणी वेगळं करणारी टाकी) नाटकं करतो, आणि रेट हलला की प्रेशर हलतं. बंद विहिरीचा रेट मात्र शून्य, त्यात वाद नाही.

आता मुळातली एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. विहिरीत केलेला बदल खडकात बाहेर बाहेर पसरत जातो आणि त्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढतं. म्हणजे वेळ दहापट झाली की अंतर सव्वातीनपटीच्या आत. आणि तेल सगळ्या बाजूंनी विहिरीकडे येत असेल, म्हणजे रेडियल फ्लो असेल, तर अंतर सव्वातीनपट झाल्यावर पडणारी प्रेशरची घट दर वेळी सारखीच असते, मग ती १० फुटांपासून ३२ फुटांपर्यंत मोजा नाहीतर १०० पासून ३२० पर्यंत. म्हणून वेळेच्या प्रत्येक दहापटीला प्रेशर तेवढ्याच पीएसआयने (हे प्रेशरचं एकक) बदलतं, म्हणूनच लॉग पेपरवर सरळ रेघ येते. लॉग कुठून आला हे कळलं की सूत्रं पाठ नसली तरी फार बिघडत नाही.

हे गणित मुळात पाण्याच्या विहिरींसाठी मांडलं गेलं होतं हे तेलवाल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. थाइसने १९३५ साली उष्णता धातूत जशी पसरते तशीच भूजलातली घट पसरते असं धरून पहिलं उत्तर काढलं, १९४६ मधे कूपर आणि जेकबने त्याची सरळ रेघेची सोपी रीत दिली, आणि आपल्याकडे भूजलवाले बोअरवर पंपिंग टेस्ट घेतात ती याच घराण्यातली. तेलात हॉर्नरची रीत १९५१ ची.

पायरी पहिली: प्लॉट काढायच्या आधी कागद गोळा करा

इथे कंटाळा केला की पुढची सगळी मेहनत वाया. लागतं काय, तर रेटचा पूर्ण इतिहास, म्हणजे विहीर कधी उघडली, किती वेळ किती रेटने चालली, मधे कधी बंद पडली. मग तेलाची विस्कॉसिटी (दाटपणा), फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (वरचं एक बॅरल तेल खाली खडकात किती जागा घेतं), एकूण कॉम्प्रेसिबिलिटी (प्रेशरने किती दबतं), हे पीव्हीटी रिपोर्टमधून, म्हणजे तेलाच्या लॅब तपासणीतून. विहिरीच्या लॉगवरून (हा लॉग म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेली नोंद, गणितातला लॉग नव्हे) पोरोसिटी, म्हणजे खडकातली पोकळी, आणि खडकाची कामाची जाडी. भोकाची त्रिज्या. आणि गेज कोणत्या खोलीवर होतं ते, हे हमखास विसरतं.

आपल्या विहिरीचे आकडे असे: शेवटचा रेट दिवसाला ५०० बॅरल, व्हॉल्यूम फॅक्टर १.३, विस्कॉसिटी ०.६ सेंटिपॉइज, जाडी ५० फूट, पोरोसिटी ०.२०, कॉम्प्रेसिबिलिटी ०.००००१५ प्रति पीएसआय, भोक साडेआठ इंची म्हणजे त्रिज्या ०.३५४ फूट. बंद करायच्या क्षणाचं प्रेशर २१०० पीएसआय. आणि ड्रिलिंगनंतर लगेच फॉर्मेशन टेस्टरने मोजलेलं मूळचं प्रेशर २७३५. हा शेवटचा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे तोच चोर पकडणार आहे.

हॉर्नरसाठी प्रॉडक्शनची वेळ लागते. रेट मधेमधे बदललेला असेल तर सोपी युक्ती म्हणजे एकूण काढलेलं तेल भागिले शेवटचा रेट, गुणिले २४. या विहिरीतून एकूण १५०० बॅरल निघालं होतं, म्हणजे १५०० ÷ ५०० × २४ = ७२ तास. पण ही युक्ती शेवटचा रेट बऱ्यापैकी वेळ टिकलेला असेल तरच चालते, बंद करायच्या तासभर आधी कोणी चोक बदलला असेल तर नाही, तिथे पूर्ण सुपरपोझिशन (रेटच्या प्रत्येक बदलाचा परिणाम वेगळा काढून त्यांची बेरीज) घ्यायचं, जे सॉफ्टवेअर करतंच, फक्त त्याला खरा इतिहास द्या.

पायरी दुसरी: कच्चा डेटा डोळ्यांनी बघा

साध्या वेळ-प्रेशर ग्राफवर सगळा डेटा टाका आणि पाच मिनिटं नुसतं बघा. विहीर नेमकी कोणत्या सेकंदाला बंद झाली? ऑपरेटरच्या वहीतली वेळ आणि गेजचं घड्याळ यांच्यात दोन-तीन मिनिटांचा फरक असणं रोजचंच, आणि सुरुवातीचे पॉइंट लॉगवर जातात तेव्हा या दोन मिनिटांनी आकाराची वाट लागते. बंद व्हायची वेळ गेजवरूनच ठरवा, वहीवरून नाही.

दोन गेज सोडली असतील तर एकातून दुसरं वजा करून बघा. फरक सरळ आडवा असेल तर छान. फरक हळूहळू सरकत असेल तर एकतर एका गेजचा ड्रिफ्ट आहे किंवा दोन गेजच्या मधे तेल, गॅस, पाणी जागा बदलतायत. ट्यूबिंगमधला (तेल वर आणणाऱ्या नळीतला) गॅस वर जाऊन साठायला लागला की प्रेशर आधी जास्त चढतं आणि मग चक्क खाली येतं, त्याचा एक कुबड दिसतो, त्याला खडकाशी जोडायला जाऊ नका. समुद्रातल्या विहिरींमधे अजून एक गंमत असते, भरती-ओहोटी. चांगलं क्वार्ट्झ गेज पीएसआयच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतं, त्यामुळे बिल्डअपच्या शेवटी जेव्हा प्रेशर अगदी सावकाश चढत असतं तेव्हा साधारण साडेबारा तासांची लाट त्यावर स्वार झालेली दिसते. ती चंद्राची आहे. त्या लाटेला बाउंड्री (खडकातली हद्द) समजून रिपोर्ट लिहिले गेलेत, उगाच सांगत नाहीये.

पायरी तिसरी: आधी लॉग-लॉग, हॉर्नर नंतर

माझा ठाम आग्रह इथे आहे. हॉर्नर प्लॉट आधी काढला की डोळा आपोआप सरळ तुकडा शोधतो आणि सरळ तुकडे त्यात तीन-चार सापडतात. त्या ज्युनियरचं हेच झालं.

आडव्या अक्षावर बंद केल्यापासूनची वेळ, उभ्यावर प्रेशरमधली वाढ, म्हणजे आत्ताचं प्रेशर वजा २१००, दोन्ही लॉग. आणि त्याच कागदावर डेरिव्हेटिव्ह. डेरिव्हेटिव्ह म्हणजे प्रेशर बदलायचा वेग, पण साध्या वेळेमागे नाही तर वेळेच्या नॅचरल लॉगमागे (बिल्डअपमधे यासाठी आधीचं प्रॉडक्शन हिशोबात धरलेली वेळ घ्यायची, सॉफ्टवेअर ते करतं). वर सांगितलं की रेडियल फ्लोमधे प्रत्येक दहापटीला प्रेशर सारखंच बदलतं, तर मग हा वेग स्थिर, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आडवा. बस, एवढंच. बुर्देत आणि मंडळींनी १९८३ मधे हे रूढ केलं आणि त्यानंतर या कामातला अर्धा अंदाजपंचे कारभार संपला, कारण जी गोष्ट हॉर्नरवर "सरळ वाटतेय" अशी असायची ती आता "आडवी आहे की नाही" एवढ्यावर आली.

डेरिव्हेटिव्ह काढताना डेटाचा खडखडाट वाढतो म्हणून थोडं स्मूदिंग लागतं. ०.१ ते ०.३ लॉग सायकलची खिडकी ठेवा (एक लॉग सायकल म्हणजे दहापट). त्याच्या पुढे गेलात तर छान गुळगुळीत रेघ येईल आणि ती तुम्हीच तयार केलेली असेल, खडकाने नाही.

पायरी चौथी: चित्र डावीकडून उजवीकडे वाचा

लॉग-लॉग चित्राचे तीन भाग असतात. पहिला विहिरीचा, मधला खडकाचा, शेवटचा हद्दीचा. वेळेचा क्रम बदलत नाही, कारण बदल विहिरीतूनच निघतो आणि मग बाहेर पसरतो.

पहिला भाग. वर व्हॉल्व्ह बंद केला म्हणून खाली खडकातून तेल यायचं लगेच थांबत नाही, ते येत राहतं आणि विहिरीतल्या तेलाला दाबत राहतं. याला वेलबोअर स्टोरेज म्हणतात. या काळात प्रेशर आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही एकमेकांवर चढून ४५ अंशात जातात. आणि यातून खडकाबद्दल काहीही कळत नाही, काहीही म्हणजे काहीही.

हे पटत नसेल तर गावातली विहीर घ्या. सहा मीटर व्यासाची विहीर म्हणजे साधारण २८ चौरस मीटरचं तळं, त्यातून तासाला २० घनमीटर उपसा केला तर एकाही झऱ्यातून थेंब आला नाही तरी पाणी तासाला ७० सेंटीमीटर उतरणारच. आता पहिल्या दोन तासांच्या उताराकडे बघून कोणी म्हणालं की झरे असे आहेत न् तसे आहेत, तर तुम्ही हसाल, कारण मोजला गेलाय तो विहिरीचा व्यास. मोठ्या व्यासाच्या विहिरींचं हे गणित पापादोपुलोस आणि कूपरने १९६७ मधे मांडलं, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या विहिरींवर नुसती थाइसची रीत लावली की उत्तर का फसतं ते त्यात आहे. शेतकऱ्याला हे सूत्राशिवाय माहीत असतं, तो उपसा बंद झाल्यावर रात्रीतून पाणी किती चढलं ते बघतो, म्हणजे बिल्डअपच करतो.

आपल्या तेलाच्या विहिरीत ०.०१ तासाला, म्हणजे ३६ सेकंदांना, प्रेशर २७ पीएसआय चढलं होतं आणि पॉइंट ४५ अंशाच्या रेघेवर होता. स्टोरेज = (रेट × व्हॉल्यूम फॅक्टर ÷ २४) × (वेळ ÷ प्रेशरवाढ) = (५०० × १.३ ÷ २४) × (०.०१ ÷ २७), म्हणजे ०.०१ बॅरल प्रति पीएसआय. हा आकडा काढून सोडून देऊ नका, त्याला विचारा तू एवढा का. तीन किलोमीटर लांबीच्या साडेतीन इंची ट्यूबिंगमधे साधारण ८५ बॅरल मावतात, ते सगळं तेलच असतं तर स्टोरेज ०.००१ च्या आसपास यायला हवं होतं. दहापट आलं, म्हणजे ट्यूबिंगमधे बराच गॅस सुटलेला आहे. म्हणजे कुबडाची शक्यता आहे, सावध. पुढच्या वेळी खालीच बंद करायचा व्हॉल्व्ह लावला तर हे सगळं प्रकरण आकसून जातं आणि खडक कितीतरी लवकर दिसायला लागतो.

४५ अंशाची रेघ सुटली की डेरिव्हेटिव्ह एक टेकडी करतो आणि खाली उतरतो. टेकडी जेवढी उंच तेवढी स्किन जास्त, हे नुसतं बघून सांगता येतं. आपल्या विहिरीत टेकडी चांगलीच उंच होती, म्हणजे आकडेमोड न करताच कळायला हवं होतं की स्किन निगेटिव्ह असणं शक्य नाही.

टेकडी उतरून आडवा भाग कधी सुरू होतो? ४५ अंशाची रेघ सोडल्यापासून साधारण एक ते दीड लॉग सायकल, हा अंगठ्याचा नियम. सूत्रही आहे: वेळ = १,७०,००० × स्टोरेज × ई चा (०.१४ × स्किन) घात ÷ (पर्मिएबिलिटी × जाडी ÷ विस्कॉसिटी). शेवटी निघालेले आकडे यात टाकून बघितले तर १,७०,००० × ०.०१ × २.६ ÷ २११३ म्हणजे दोन तासांच्या थोडं वर. आणि आमच्या ज्युनियरची रेघ होती २४ मिनिटांपासून एक तासापर्यंत! म्हणजे टेकडीच्या उतारावर.

पायरी पाचवी: आता हॉर्नर

लॉग-लॉगवर आडवा भाग ३ तासांपासून शेवटपर्यंत म्हणजे ४८ तासांपर्यंत दिसला. आता आणि आत्ताच हॉर्नर उघडायचा आणि फक्त त्याच काळातल्या पॉइंटवर रेघ मारायची.

हॉर्नरची कल्पना मजेशीर आहे. विहीर बंद केली असं मानायचंच नाही, ती तशीच ५०० बॅरलने चालू आहे असं मानायचं, आणि बंद केल्याच्या क्षणापासून त्याच जागी दुसरी एक विहीर ५०० बॅरल आत ढकलतेय असं मानायचं. दोघींची बेरीज शून्य. एकीचं वय प्रॉडक्शनची वेळ अधिक बंद वेळ, दुसरीचं फक्त बंद वेळ, आणि दोघींचे लॉग वजा केले की उरतं दोन्ही वयांचं गुणोत्तर. म्हणून आडव्या अक्षावर ते गुणोत्तर.

३ तासांना गुणोत्तर (७२ + ३) ÷ ३ = २५, प्रेशर २६६३.
१२ तासांना ७, प्रेशर २६९१.
२४ तासांना ४, प्रेशर २७०३.
४८ तासांना २.५, प्रेशर २७१३.

२५ पासून २.५ म्हणजे बरोबर एक लॉग सायकल, आणि तेवढ्यात प्रेशर चढलं ५०. तर स्लोप ५० पीएसआय प्रति सायकल.

पर्मिएबिलिटी × जाडी = १६२.६ × रेट × व्हॉल्यूम फॅक्टर × विस्कॉसिटी ÷ स्लोप. १६२.६ × ५०० × १.३ × ०.६ ÷ ५० = १२६८ मिलीडार्सी-फूट, भागिले ५० फूट, पर्मिएबिलिटी २५.४ मिलीडार्सी. डेरिव्हेटिव्हवरून पडताळा घ्या: आडव्या रेघेची उंची स्लोप ÷ २.३०३ म्हणजे २१.७ यायला हवी. आली तर दोन्ही प्लॉट एकच बोलतायत.

इथे एक गोष्ट, विहीर मोजते ती पर्मिएबिलिटी × जाडी, नुसती पर्मिएबिलिटी नाही. ५० फूट लॉगवाल्याने दिलेत, त्यातले ३० फूटच तेल देत असतील तर पर्मिएबिलिटी ४२ होते. म्हणून रिपोर्टमधे गुणाकार आधी लिहा, भागाकार नंतर.

पायरी सहावी: स्किन

रेघेवर एक तासाचं प्रेशर वाचायचं. रेघेवर, गेजवर नाही. कारण एक तासाला खरा डेटा अजून स्टोरेजमधे असू शकतो, आपण रेघ मागे वाढवून वाचतो. रेघेवर आलं २६४०. या विहिरीत गेजनेही त्या वेळी २६३८ दाखवलं, म्हणजे फरक नगण्य, पण गॅसने भरलेल्या विहिरीत हा फरक शंभरांत जातो.

स्किन = १.१५१ × [(२६४० − २१००) ÷ ५० − लॉग(पर्मिएबिलिटी ÷ (पोरोसिटी × विस्कॉसिटी × कॉम्प्रेसिबिलिटी × त्रिज्येचा वर्ग)) + ३.२३]. पहिला तुकडा १०.८. लॉगच्या आतला आकडा साधारण सव्वाअकरा कोटी, त्याचा लॉग ८.०५. तर १.१५१ × (१०.८ − ८.०५ + ३.२३) = ६.९ च्या आसपास.

हे ६.९ मॅनेजरला सांगून उपयोग नाही, त्याचं पीएसआय करा: ०.८६९ × ५० × ६.९ = ३०० पीएसआय. रेघ पुढे वाढवून गुणोत्तर १ ला नेली (म्हणजे विहीर अनंत काळ बंद ठेवली असं मानलं) तर प्रेशर २७३३ येतं, म्हणजे विहीर चालू असताना एकूण ६३३ पीएसआय खर्च होत होते, त्यातले ३०० विहिरीच्या तोंडाशीच जात होते. तेवढं चोंदलेपण काढलं तर तेवढ्याच ड्रॉडाऊनला ५०० च्या जागी जवळजवळ ९५० बॅरल. हे वाक्य ऐकलं की ॲसिड जॉबची मंजुरी लगेच येते.

पण स्किन म्हणजे फक्त ड्रिलिंग मडने झालेली घाण असं नाही. अर्ध्याच जाडीत परफोरेशन असतील तरी स्किन पॉझिटिव्ह येते आणि ती ॲसिडने जात नाही, तिरक्या विहिरीला भौमितिक निगेटिव्ह स्किन असते, गॅसमधे रेटबरोबर स्किन वाढते म्हणून तिथे दोन-तीन वेगवेगळ्या रेटना टेस्ट करून ती वेगळी काढावी लागते. आधी परफोरेशनचा रिपोर्ट बघा, मग ॲसिडची गाडी बोलवा. मुंबई हायसारख्या चुनखडकात, १९७४ मधे सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने शोधलेलं ते फील्ड मुख्यतः चुनखडकातलंच आहे, ॲसिड नुसती घाण काढत नाही तर खडकच विरघळवून वाटा करतं, त्यामुळे जॉबनंतर स्किन शून्याखाली जाणं साहजिक आहे. वाळूखडकात तशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी सातवी: उत्तर खोटं आहे का ते बघा

आता ज्युनियरची रेघ. त्याचा स्लोप आला होता २००. त्यातून पर्मिएबिलिटी ६.३, स्किन −१.७. कागदावर सगळं सुसंगत, गणितात एक चूक नाही. पण तीच रेघ गुणोत्तर १ ला वाढवली तर? २६४० + २०० × १.८६ = ३०१३ पीएसआय. खडकाचं मूळचं प्रेशर २७३५ मोजलेलं आहे. १५०० बॅरल तेल काढल्यावर प्रेशर पावणेतीनशेने वाढलं? एवढं एक वाक्य विचारलं असतं तर फ्रॅकचा प्रस्ताव लिहिलाच गेला नसता. माझ्या रेघेने २७३३ येतं, दोनच पीएसआयचा फरक, जो छोट्या टेस्टमधे असायलाच हवा तसा आहे. फक्त हे लक्षात ठेवा की वर्षानुवर्षं चाललेल्या विहिरीत हा वाढवलेला आकडा म्हणजे सरासरी रिझर्व्हायर प्रेशर नव्हे, तिथे ड्रेनेजच्या (विहीर ज्या भागातून तेल ओढते त्याच्या) आकाराप्रमाणे दुरुस्ती लागते.

दुसरी तपासणी, टेस्टने किती लांबवर पाहिलं. अंतर = वर्गमूळ [पर्मिएबिलिटी × वेळ ÷ (९४८ × पोरोसिटी × विस्कॉसिटी × कॉम्प्रेसिबिलिटी)]. ४८ तासांना ८४५ फूट, म्हणजे अडीचशे मीटरच्या थोडं पुढे. याच्या पलीकडच्या फॉल्टबद्दल (खडक जिथे तुटून सरकलाय त्या जागेबद्दल) ही टेस्ट काही बोलू शकत नाही, आणि जिऑलॉजिस्टने विचारलं तर "दिसला नाही" असं सांगा, "नाही" असं सांगू नका.

शेवटचा भाग: हद्दी आणि वेगळे आकार

आडवा भाग संपून डेरिव्हेटिव्ह वर गेला आणि दुप्पट उंचीवर परत आडवा झाला तर एका बाजूला फॉल्ट, कारण अर्ध्या बाजूने तेल यायचं थांबलं. आपल्या विहिरीसारख्याच खडकात ड्रॉडाऊन घेतला आणि दोन सरळ रेघा २० तासांना एकमेकींना छेदल्या असं समजा, तर अंतर = ०.०१२१७ × वर्गमूळ [पर्मिएबिलिटी × वेळ ÷ (पोरोसिटी × विस्कॉसिटी × कॉम्प्रेसिबिलिटी)], म्हणजे २०४ फूट, साधारण ६२ मीटर. कोणत्या दिशेला, ते टेस्ट सांगत नाही. ते सिस्मिकवर (जमिनीत लहरी सोडून केलेल्या सर्व्हेवर) शोधा.

दोन समांतर फॉल्टच्या मधे विहीर असेल तर डेरिव्हेटिव्ह अर्ध्या स्लोपने चढत राहतो. फ्रॅक केलेल्या विहिरीत हाच अर्धा स्लोप अगदी सुरुवातीला दिसतो. आकार तोच, जागा वेगळी, म्हणून डावीकडून उजवीकडे वाचायचं म्हणतोय.

डेरिव्हेटिव्ह शेवटी खाली पडला तर इथे भलेभले फसतात. गॅस कॅप (तेलावरचा गॅसचा थर) किंवा जोरदार ॲक्विफरचा (लगतच्या पाण्याच्या थराचा) आधार असेल तर तो पडतो. पण चारी बाजूंनी बंद छोट्या डबक्यातही बिल्डअपमधे तो पडतोच, कारण प्रेशर सरासरीला येऊन थांबतं. एक आनंदाची बातमी, दुसरी दुखवट्याची, आणि बिल्डअपवर दिसतात सारखी. फरक करायचा तर ड्रॉडाऊन बघा, बंद डबक्यात तिथे डेरिव्हेटिव्ह ४५ अंशात वर जातो. नाहीतर सरळ बघा की प्रेशर मूळच्या आकड्याकडे परत येतंय की त्याच्या खालीच अडकतंय.

मधेच व्ही आकाराची घळ पडून डेरिव्हेटिव्ह परत त्याच उंचीवर आला तर दुहेरी पोरोसिटी, म्हणजे तेल आधी भेगांतून येतं, मग भेगा रिकाम्या व्हायला लागल्या की आजूबाजूचा दगड त्यांना तेल पुरवायला लागतो. वॉरन आणि रूटचं १९६३ चं मॉडेल. चुनखडकात आणि भेगाळलेल्या बेसमेंटमधे (तळाच्या कठीण खडकात) हे बघायला मिळतं. गुजरातेत पाद्रा फील्डमधे तर तेल चक्क दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टमधून निघतं, तोच दगड ज्यात आपल्याकडे विहिरी खणतात, आणि त्यातही साठा दगडात नाही, भेगांत आणि झिजलेल्या थरांत. पण सगळ्या घळी दुहेरी पोरोसिटीच्या नसतात. स्टोरेज मोठं असेल तर खरी घळ त्याखाली पुरली जाते, आणि गॅसचं कुबड खोटी घळ तयार करतं.

हे सगळं झालं की सॉफ्टवेअरमधे मॉडेल निवडा आणि नुसता बिल्डअप नाही तर पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण प्रेशर इतिहास त्यातून काढून बघा. बिल्डअप सुंदर जुळतोय आणि आधीचा ड्रॉडाऊन दोनशे पीएसआयने चुकतोय असं झालं तर मॉडेल चुकलंय किंवा रेट चुकलाय, आणि बहुतेक वेळा रेटच. पॅरामीटर फिरवून फिरवून जुळवत बसण्याआधी सेपरेटरवाल्याला फोन करा. आणि एकापेक्षा जास्त मॉडेल जुळत असतील तर दोन्ही रिपोर्टमधे लिहा, कोणतं जास्त पटतं आणि का ते लिहा.

पुढची टेस्ट आखताना बंद ठेवायची वेळ याच हिशोबाने ठरवा: स्टोरेज दोन तासांत संपणार असेल तर त्यापुढे किमान एक पूर्ण लॉग सायकल हवी, म्हणजे २० तासांच्या खाली येऊ नका, आणि प्रॉडक्शनवाले "१२ तासांत उघडा" म्हणून मागे लागले तर त्यांना हे गणित दाखवा.

ज्युनियरने दोन दिवसांनी प्लॉट परत पाठवला. लॉग-लॉग वर, हॉर्नर खाली, आणि रेघेच्या दोन टोकांना बारीक अक्षरात वेळ लिहिलेली, ३ तास, ४८ तास.